गुळाचा खडा

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा, मागून येणाऱ्यालाही टेकायला जागा द्या. गोष्ट लहानशी आहे, समुद्राकाठच्या निर्मळ गावातल्या एका वाडीतली, चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमधल्या एका रविवारची. सांगतो, ऐका.

दुपार कलली होती. द्वारकाबायच्या वाडीच्या टोकाला, भरावाच्या मोकळ्या जागेवर श्रीपत बसला होता. पुढ्यात पन्नास रोपं, आणि लावायला माणसं दोन. एक तो, दुसरा फेबियन. तरुण सेवा संघाच्या वृक्षारोपणाला वीस जण येणार, अशी यादी होती. ती श्रीपतच्या खिशात घामानं भिजत होती. आठवडाभर कारखान्यात उभं राहायचं, रविवारी खाडीकाठच्या गावातून सायकल मारत यायचं आणि समाज सुधारायचा, हे त्याचं सहावं वर्ष. आज उठताना त्याला पहिल्यांदा वाटलं होतं, सायकल पंक्चर निघाली तर बरं.

"पाच वाजता संघाचे सर कॅमेरा घेऊन येतायत," फेबियन म्हणाला. "वीस माणसं कुठून दाखवू? रोपांनाच टोप्या घालतो."

श्रीपत हसला नाही.

दोन वर्षांपूर्वी याच जागेवर बावखल होतं, वाडीतलं गोड्या पाण्याचं जुनं तळं. डास होतात म्हणून संघानं ते बुजवलं. चाळीस पोरं, चार रविवार, बैलगाड्यांनी माती, वर गाणी. राहू द्या रे, सासऱ्यांच्या आधीचं आहे, असं द्वारकाबाय एकदाच म्हणाली होती. श्रीपतनंच तिच्यापुढं तासभर बसून, हिवतापाची चित्रं दाखवून तिला पटवलं होतं. पत्र्याचा फलक अजून उभा होता. 'डासमुक्त वाडी'. अक्षर त्याचंच.

द्वारकाबाय तांब्या आणि वाटी घेऊन आली. सत्तरीची बाई, चालताना एक हात कमरेवर. आल्यागेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय वाडीत कुणाला कामाला हात लावू द्यायची नाही, ही तिची रीत. पण आज वाटीतले खडे लिंबाएवढे होते.

फेबियननं विचारलं, बाय, घरात कुणाचं लग्न ठरलं की काय. ती नुसती हसली. म्हणाली, "गूळ तोंडात घोळवा, आणि मगच पाणी प्या."

श्रीपतला तहान फार लागली होती. त्यानं खडा भाचीसाठी खिशात टाकला, आणि तांब्या तसाच तोंडाला लावला.

पहिल्याच घोटाला तो थांबला. खाडीकाठी वाढलेला माणूस. ही चव त्याला कुणी सांगायला नको होती.

"बाय, हे पानी कधीपासून असं?"

तिनं आधी पदर नीट केला, रोपांकडं बघितलं, काय काय लावणार ते विचारलं. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं, तेही स्वतःचीच चूक कबूल करावी तसं. बावखल गेलं त्या उन्हाळ्यात विहीर थोडी मचूळ झाली. यंदा माघातच खारी. कागड्याच्या फुलवेलींची पानं कडेनं करपली, कळ्या धरेनात. दर सोमवारी महादेवाला घरच्या फुलांचा हार, हे सासूच्या काळापासून कधी चुकलं नव्हतं. परवा महाशिवरात्रीला तिनं बाजारातून विकतचा हार नेला.

"देवानं घेतला," ती म्हणाली. "माझीच मान वर होईना."

"मग आमाला बोलला का नाय तुमी?"

"काय बोलू, बाबा? चांगल्यासाठीच केलंत. घाम गाळलात. आणि डास कमी झाले, ते काही खोटं नाही."

श्रीपतचा आजा खाडीच्या बांधावर राखणीला असायचा. भरतीला जरा कुठं माती खचली की पोरासोरांसकट सगळं घर चिखल घेऊन धावायचं. खारं पाणी थोपवून धरावं लागतं, हे ज्याला बोलता येण्याआधी कळलं होतं, त्यानंच इथला बांध बुजवला होता. बावखलाचं गोडं पाणी जमिनीत मुरून खाऱ्याला अडवत होतं; तो बांध गोड्या पाण्याचा होता, म्हणून दिसला नव्हता.

फेबियन हळूच म्हणाला, "चल, पटापट लावून टाकू. सर येतील."

"इथं नका रे लावू," द्वारकाबाय म्हणाली. "माझ्या पाण्यावर मरतील ती."

श्रीपत उठला. फावडं घेऊन फलकाच्या पुढ्यात गेला आणि खणू लागला. खड्डा गुडघाभर झाला, मांडीभर झाला.

"अरे, एवढं खोल कुठलं झाड लावतोयस?" फेबियननं विचारलं.

श्रीपत खणतच राहिला. फेबियन तांब्या उचलून त्यातलं उरलेलं पाणी प्यायला. थुंकला नाही. मग त्यानं फलक मुळापासून हलवून उपटला, बांबू काढला आणि पत्रा खड्ड्याच्या काठावर उताणा टाकला.

"घमेलं आणलंय कुणी?" तो म्हणाला. "यावर टाक माती. मी ओढतो."

पाचला सर आले. रोपं पिशव्यांतच होती. कॅमेरा न उघडता ते परत गेले.

पुढं बावखल भरलं का, विहीर गोड झाली का, ते मला विचारू नका. चाळीस जणांनी बुजवलेलं दोघं उपसत होते, एवढंच मला ठाऊक.

तुमच्यापाशी एकच मागणं आहे. कधी कुणाच्या दारात पाण्याआधी तुमच्या हातावर नेहमीपेक्षा मोठा गुळाचा खडा आला, तर तो तोंडात टाकण्याआधी द्वारकाबायची आठवण काढा.