सात घरांची लाइन

स्मारकाच्या पाटीवरचं निळं कापड वाऱ्याने फुगत होतं आणि वर्डी स्टॅलर्डची पाळी जवळ येत होती. पाद्री प्रार्थना आटोपत होता. मग कापड ओढायचं, आणि वर्डीने माइकवर कोराचे शेवटचे शब्द सांगायचे. ते ऐकलेल्यांपैकी आता ती एकटीच उरली होती.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. किराणा दुकानाच्या माडीवर टेलिफोन एक्स्चेंज होतं आणि कोरा रॅटलिफ तिथली ऑपरेटर. एका रविवारी दुपारी वरच्या खोऱ्यातलं लाकूड कंपनीचं धरण फुटलं. कोराने खालच्या सातही घरांना एकदम घंटी दिली. एकाच लाइनवर होती सगळी. लोक डोंगरावर गेले, वाचले. कोरा बुडाली. पाटीवर हेच होतं: ‘धरण फुटलंय, वर जा.’ खाली लिहिलं होतं की पाणी अर्ध्या तासाने आलं, आणि ऑपरेटरने शेवटपर्यंत जागा सोडली नाही.

“मिस वर्डी, घाबरायचं नाही,” इतिहास मंडळाचा ट्रॅव्हिस कानाशी म्हणाला. तिसऱ्या घरातल्या हॅगरचा पणतू. “दोन वाक्यं फक्त.”

“ती तर तू बिडाच्या पाटीत ओतून मोकळा झालास. आता मला कशाला उभं करतोस?”

तो हसला. समोरच्या खुर्च्यांवर सात घरांची मुलं-नातवंडं होती. दरवर्षी याच दिवशी चर्चच्या तळघरात घेवड्याचं आणि मक्याच्या पावाचं जेवण होई, आणि पहिलं ताट कोराच्या नावाने वाढलं जाई. वर्डीने आयुष्यभर ते जेवण जेवलं होतं. कोणी विचारलं की ती पाटीवरचंच वाक्य सांगे. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. उरलेलं सांगायचं तर समोरच्या प्रत्येकाच्या घरात हात घालावा लागला असता. सगळ्यांत आधी स्वतःच्या.

आज मात्र शेजारी चाकांच्या खुर्चीत डेसी होती, कोराची धाकटी बहीण. रॅटलिफ मंडळी डोंगरापलीकडची. त्यांच्याकडे फोन नव्हता, आणि पुरानंतर त्यांनी या खोऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. डेसी पाटीकडे बघतच नव्हती. ती वर्डीकडे बघत होती.

टाळ्यांमध्ये कापड खाली आलं. डेसीने वर्डीची बाही धरली.

“आईने तिला न्हाऊ घातलं तेव्हा पाणी मी ओतत होते,” ती हळूच म्हणाली. “तिच्या एकाही बोटाला नख उरलं नव्हतं, वर्डी. जागा सोडली नाही म्हणे. कोणाला हाका मारत होती ती?”

वर्डीने तिचा हात थोपटला आणि ती माइकपाशी गेली.

आधी तिने पाटीवरचं वाक्य म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या. पण ती पुढे बोलत राहिली. दुकानदार रविवारी बहिणीकडे जेवायला जाताना खालच्या दाराला बाहेरून कुलूप घालून जायचा, एकटी पोर आत सुरक्षित राहावी म्हणून. खिडक्यांना गज होते. कोणीतरी कुऱ्हाड घेऊन या, असं कोरा म्हणाली. सातही घरांनी ऐकलं. सर्वांत लांबच्या घरापासून दुकान दहा मिनिटांवर होतं, आणि पाणी यायला अर्धा तास होता, पाटीवर लिहिलाय तसा.

मग खट् झालं. कोणीतरी रिसीव्हर ठेवला. मग दुसऱ्याने. छोट्या वर्डीला वाटलं, एकेक जण कुऱ्हाड घ्यायला चालला.

त्या लाइनवर जितके कान जास्त, तितका आवाज बारीक यायचा. रिसीव्हर खाली जात गेले तसा कोराचा आवाज मोठा होत गेला. शेवटी ती खोलीतच उभी असावी इतकी स्पष्ट ऐकू येऊ लागली. एकच रिसीव्हर उचललेला राहिला होता. तो वर्डीच्या वडिलांच्या, जेस स्टॅलर्डच्या हातात होता आणि वर्डीचा कान त्याला चिकटलेला होता. दारात आई तान्ह्या भावाला घेऊन उभी होती. वडिलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि रिसीव्हर टांगायला फोनच्या आकड्याकडे नेला.

ट्रॅव्हिसने माइककडे हात नेला आणि मागे घेतला.

“शेवटचे शब्द हवे होते ना तुम्हाला,” वर्डी म्हणाली. ते तिने डेसीकडे बघून सांगितले. “‘जेसकाका, तुम्ही तरी आहात ना अजून?’”