शाई फासलेली ओळ

“आजी, ही ओळ आजोबांनी नाही खोडली,” भिंगातून बघत तृप्ती म्हणाली. “मुंबईतच खोडली. पत्र बोटीत चढायच्या आधी.”

विमलाबाई नातीकडे बघतच राहिल्या. नवरा मंगरू दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेल्यावर, धान लावायचं रोवणं तोंडावर आलं तेव्हा, त्यांनी करडी गावच्या मास्तरांकडून त्याला एकच पत्र लिहून घेतलं होतं. पुढच्या साली ते परत आलं, फोडलेलं. शेवटच्या ओळीवर काळी शाई. त्याआधीच तो गेल्याची तार आली होती. नवऱ्यानं वाचलं, रागानं खोडलं आणि धाडून दिलं, असंच त्यांनी धरलं. त्या रागात जन्म काढला. त्याच्यासाठी धड रडल्याही नाहीत.

तृप्तीनं पाकिटावरचे शिक्के दाखवले. गावाकडचं मोहाडी. मुंबई, तिथं पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरची चिठ्ठी. मग इजिप्त, तोवर पलटण इटलीला गेलेली. मग इटली, तोवर मंगरू फौजी दवाखान्यात. दवाखान्याच्या शिक्क्याशेजारी लाल अक्षरात ‘मयत’.

“त्याच्या मागं मागंच फिरलं माहं पत्र,” विमलाबाई पुटपुटल्या. “त्याच्या हाती लागलंच नाही.” त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मधुकरराव फलक घेऊन आले. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर उरलेल्या भंडारा जिल्ह्यातल्या वीरांचं प्रदर्शन त्यांनीच भंडाऱ्यात मांडलं होतं. फलकावर लिहिलं होतं, ‘वीरपत्नीचा विजयसंदेश’.

“खोडलेलं काहीतरी लष्करी गुपित असणार,” ते म्हणाले.

“कायचं गुपित, साहेब? ते ओळ म्याच सांगतली होती.” विमलाबाईंनी ती न अडखळता म्हणून दाखवली.

मधुकररावांचा चेहरा उतरला. “हे इथं नाही लावता येणार, विमलाबाई. हुतात्म्याचा अपमान होईल.”

विमलाबाई काठी टेकत उठल्या. आजवर साहेबाला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं.

“गोऱ्यानं एकडाव खोडली. आता तू खोडून राहिला काय?”

मधुकररावांनी फलक कोरी बाजू वर करून खाली ठेवला आणि ते बाजूला झाले.

“लिव, तृप्ती,” विमलाबाई म्हणाल्या. “दुरून वाचता आलं पाह्यजे.”

दुसऱ्या दिवशी दारातून आत येणारा प्रत्येक माणूस आधी त्या फलकापुढं थांबत होता:

‘राजाची लढाई राजाले लढू दे. तू रोवण्याले घरी ये.’