दर शनिवारी नवं शहर

"काकाजी, खोटं बोलून राहिले तुम्ही! काल खोली देतो म्हणाले, मग आज नाही काहून?" प्रेमिला भर अंगणात कडाडली.

"भाचा यायचाय राहायला," प्रताप नगरातले ते घरमालक नजर चुकवत म्हणाले.

पश्चिम जर्मनीतून परतलेलं जोडपं म्हटल्यावर काल त्यांनी आडनावसुद्धा विचारलं नव्हतं. आज दोघं सामान घेऊन आली, तर आधी चहा पाजला आणि कौतुकानं फोटोंचा अल्बम मागून घेतला. दर शनिवारी नवं शहर! रोम, व्हिएन्ना, ॲम्स्टरडॅम. "आमची ही अजून कामठीच्या पुढे गेली नाही हो!" म्हणत ते खदखदून हसलेही. मग पॅरिसच्या हॉटेलातला फोटो निघाला. खिडकीत बुद्धाची छोटी मूर्ती, पुढे मेणबत्ती आणि पांढऱ्या कपड्यांत हात जोडून बसलेला चंद्रभान. प्रेमिलानंच हौसेनं सांगितलं, "कुठंही गेलो, तरी सकाळची वंदना केल्याबिगर आम्ही फिराले निघत नव्हतो."

अल्बम तिथंच मिटला आणि त्याच घडीला भाचा जन्मला.

"चाल वं, दुसरी पाहू," चंद्रभाननं ट्रंक उचलली.

"किती पाह्याच्या जी?" ती मालकाकडे वळली. "तिथं आम्हाले धड बोलता येत नव्हतं, तरी अनोळखी माणसं हातात किल्ली देत. माहा तर जन्म या नागपुरातला, इंदोऱ्यातला. माह्याच गावात राहाले मी कोणत्या देशाची होऊन येऊ? बोला!"