बेंबीजवळची गाठ

"या गाठीचं कुणाला कळता कामा नये हं," सासूबाईंनी सुनेला बजावलं होतं. पण सून हॉस्पिटलात नोंदींसाठी डॉक्टरांच्या निदानांना ठरलेले कोड द्यायची. हर्नियात अडकलेलं आतडं सडलं की कुठला कोड पडतो, ते तिला पाठ होतं. हर्नियाची ती गाठ दाबूनही आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा तिने अख्ख्या घराला हाका मारून सासूबाईंना ऑपरेशनला नेलं. 'अडकलेलं, पण सडलेलं नाही' असा कोड टाकताना तिने मनोमन देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई खाटेवरून फणकारल्या, "तुझ्या पोटात मेलं काही राहत नाही!"

"आई, राहिलं नाही ते तुमच्या पोटात!"

"हसवू नकोस गं, टाके ओढतात! आता हसवणार नाहीस, शब्द दे."



सुनेने शब्द दिला, आणि तो पाळता यावा म्हणून स्वतःचं हसू दाबायला तोंडावर हात धरून हळूच बाहेर निघाली.