वेणांतलं नाव

“नाव सांग. मगच हात लावते,” टॅबिथा म्हणाली.

खाटेवर केझिया तळमळत होती. गिरणीवाल्याकडची मोलकरीण, लग्न झालेलं नाही, मागेपुढे कुणी नाही. सभाघराचा ढोल वाजून थांबला होता. शब्बाथ होता, काम वर्ज्य असलेला देवाचा वार. अख्खं गाव तिथं उपदेश ऐकायला बसलं होतं. खोलीत टॅबिथा सुईण आणि साक्षीला शेजारची प्रुडन्स, दोघीच.

आमच्या वसाहतीत ही रीतच आहे. बिनलग्नाची पोर अडली की सुईण बापाचं नाव विचारते, आणि नाव येईपर्यंत हात आखडून बसते. वेणांत बाई खोटं बोलत नाही, असं पाळक सांगतात. टॅबिथा वीस वर्षं न्यायाधीशापुढे तशीच शपथ घेत आली होती. तिच्या शब्दावर कितीतरी पुरुष फटक्यांच्या खांबाला बांधले गेले. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“सभाघराच्या दारावर लांडग्याचं मुंडकं खिळलंय ना, त्यातून सकाळपासून रक्त ठिबकतंय,” प्रुडन्स चुलीत लाकूड सारत म्हणाली. “गावात कुणाचं तरी पाप लपलंय, लिहून ठेव.”

काल इनामासाठी मारलेला लांडगा, रक्त नाही ठिबकणार तर काय दूध? पण आमच्याकडे पान हललं तरी ती देवाची खूण असते.

 मुलाचा बाप कोण, ते टॅबिथाला ठाऊक होतं. तिचाच पोरगा जाबेझ. एकुलता एक.

अशा बापाला कायद्यात लग्न आहे, दंड आहे आणि फटकेही आहेत. न्यायाधीश लुडकिनच्या मनाला येईल ते. खरं सांगायचं तर आमच्याकडे फटकेच स्वस्त. टॅबिथाच्या नवऱ्यानं एकदा शब्बाथला जाळं ओढलं, तर त्याची पाठ सोलून काढली होती. जखमा चिघळल्या आणि महिना संपायच्या आत तो गेला. पोराची छाती तर बापाहून नाजूक. त्याला ती त्या खांबाच्या जवळपाससुद्धा जाऊ देणार नव्हती, मग शपथ मोडावी लागली तरी बेहत्तर.

म्हणूनच मागच्या आठवड्यात तिनं केझियाला विहिरीवर गाठलं होतं.

“ओबेदचं नाव घे,” ती म्हणाली होती. ओबेद खलाशी पानगळीच्या दिवसांत समुद्रात बुडून मेला होता. “मेलेल्याला कोण फटके मारतंय? तुझंही थोडक्यात भागेल. पोराला दूधभाकरी मी कमी पडू देणार नाही.”

“जाबेझ काय म्हणतो?”

“त्याला काय विचारायचं? जीव टाकतेस ना त्याच्यावर? मग वाचव त्याला. आणि हे बघ, एकच नाव घ्यायचं. दोन नावांच्या बाईला इथं थारा नाही. त्या मार्थाला भर थंडीत फटके मारत हद्दीबाहेर हाकललं, आठवतं ना? बर्फ वितळल्यावर सापडली बिचारी.”

केझिया हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. बादली उचलून निघून गेली होती. म्हणूनच आता ती कुणाचं नाव घेईल, याचा टॅबिथाला भरवसा नव्हता.

“नाव सांग, पोरी!”

“मावशी, मरते गं मी!”

“मरत नाहीस. बापाचं नाव.”

केझियानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. टॅबिथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती जागची हलली नाही.

“ओबेद!” पोर किंचाळली. “ओबेद! ओबेद!”

“मुडदा मेला!” प्रुडन्स म्हणाली. “आपण बुडाला आणि हिलाही बुडवून गेला.”

टॅबिथानं बाह्या सारल्या. मग मात्र तिनं जिवाचं रान केलं. मुलगा झाला. नाक थेट जाबेझचं. तिनं घाईघाईनं टोपडं कपाळावर ओढलं. नातवाला उराशी धरावंसं फार वाटलं, पण प्रुडन्स बघत होती. तिनं त्याला केझियाच्या कुशीत दिलं आणि मनातल्या मनात म्हणाली, सुटले बाई एकदाची.

सभा सुटली. दार वाजलं. न्यायाधीश लुडकिन आत आला, आणि त्याच्या मागोमाग जाबेझ. टॅबिथाला वाटलं, संपलं सगळं. पण न्यायाधीश चक्क हसत होता.

“सुईणबाई, पोरगा चांगला वाढवलात हो! आज भर सभेत आपण होऊन उभा राहिला. मूल माझं आहे, लग्न करतो म्हणाला. असा माणूस आम्ही कधी पाहिला नव्हता. फटके माफ केले मी. थोडा दंड भरेल, आणि पुढच्या आठवड्यात लग्न.”

“तुला आधी सांगितलं असतं तर तू मला कोंडून घातलं असतंस, आई,” जाबेझ म्हणाला. खाटेजवळ गुडघे टेकून त्यानं केझियाचा हात हातात घेतला. केझिया टॅबिथाकडे बघत होती.

“रीतीपुरतं विचारतो,” न्यायाधीश म्हणाला. “वेणांत नाव घेतलं ना हिनं?”

“घेतलं की! चांगलं ओरडून,” प्रुडन्स बोलून गेली. “ओबेदचं.”

 जाबेझनं केझियाचा हात सोडला.

“मीच शिकवलं तिला!” टॅबिथा ओरडली. “माझ्या पोराला वाचवायला! ते नाव खोटं आहे, देवाशपथ खोटं. मला बांधा खांबाला. हे मूल जाबेझचंच आहे हो!”

न्यायाधीशानं तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

“आईचं काळीज आहे तुमचं, समजतो मी. पण वेणांत बाई खोटं बोलत नाही, हे वीस वर्षं तुम्हीच आम्हाला शपथेवर सांगत आलात.” मग तो केझियाकडे वळला. “म्हणजे दोघे होते तर. आज शब्बाथ आहे. हिला उद्या सकाळी हद्दीबाहेर काढा.”