धनुर्वाताची खोली

माळीकाम करताना नवऱ्याच्या पायात काटा घुसला होता. "जखम तर कधीच भरली हो," बायको डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "वरून भरली. आत मातीतले जिवाणू राहिले, त्यांचं विष नसांत भिनलंय. धनुर्वात आहे. औषध दिलंय, पण उजेड, आवाज, स्पर्श, कशानेही झटका येईल. जवळ बसा, पण गप्प." एरवी तिच्या तोंडाला खळ नसायची. आता ती अंधाऱ्या खोलीत श्वासही जपून घेत बसे. एकदा बाहेर दार आपटलं. त्याचं अंग धनुष्यासारखं वाकलं. शुद्धीतले डोळे तिला विनवत राहिले. हात धरायची सोय नव्हती. तिने स्वतःचीच मूठ तोंडात कोंबली. कित्येक दिवसांनी नर्सने पडदा सरकवला. "आता बोललात तरी चालेल, ताई." तिने तोंड उघडताच शब्दाऐवजी हुंदकाच फुटला. दचकून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने फक्त मान तिच्याकडे वळवली.