रिकाम्या पोटी

माधवरावांनी स्वेटर मुद्दाम उलटा घातला होता. शिवण बाहेर, मानेमागची चिठ्ठीही बाहेर. दवाखान्यात शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी तो एकदा पाहिला आणि नजर खाली वळवली. एक अक्षर बोलल्या नाहीत.

एरवी असा स्वेटर त्यांच्या तावडीतून सुटला नसता. त्या तिखट जिभेबद्दल माधवरावांनी जन्मभर मित्रांकडे तक्रारी केल्या होत्या. दिवाळीपासून ती जीभ गप्प झाली. थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढवूनही चेहरा सुजलेला, भर दुपारी अंगावर शाल. माधवरावांना घर खायला उठायचं.

डॉक्टर पूर्वा रिपोर्ट बघत म्हणाल्या, "काकू, सुधारणा नाही हो. गोळी चुकत नाही ना?"

"शक्यच नाही," उत्तर माधवरावांनी दिलं. "उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी. मी स्वतः देतो. दह्याच्या वाटीबरोबर."

डॉक्टरांनी मान वर केली. "दह्याबरोबर?"

"घरचं हो! विरजण मीच लावतो." माधवरावांना स्फुरण चढलं. "दिवाळीआधी पेपरात लेख होता. आतड्यातल्या चांगल्या जंतूंचा आणि थायरॉईडचा म्हणे जवळचा संबंध असतो. म्हटलं, गोळीच्या जोडीला जंतूही जाऊ देत."

"मग पोट रिकामं कुठे राहिलं, काका?"

"दही म्हणजे काय जेवण आहे का?"

डॉक्टरांना हसू आवरेना. "संबंध आहे, त्यावर संशोधनही चालू आहे. पण दह्यातलं कॅल्शियम या गोळीला नीट अंगी लागू देत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. दही दुपारी जेवताना खुशाल खा. आज डोस वाढवत नाही. दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासू."

"म्हणजे... दुसरं काही नाही?" माधवरावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी कित्येक दिवस मनातच दाबून ठेवला होता.

"गळ्याची सोनोग्राफी अगदी व्यवस्थित आहे. मला तरी ही दह्याचीच करामत दिसतेय."

माधवरावांचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं, की आपणच बायकोला आजारी ठेवलं याची लाज वाटायला त्यांना जिना उतरून खाली यावं लागलं.

"मंदा, चुकलंच माझं."

मंदाकिनीबाई कठड्याला धरून दम खात होत्या. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. "तुमचं कसं चुकेल? पेपरात लेख होता ना!"

माधवराव बघतच राहिले.

"बघताय काय? आणि तो स्वेटर आधी सुलटा करा. सकाळपासून बघतेय. तोही जंतूंसाठीच का?"

माधवराव तिथेच टिळक रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत स्वेटर काढू लागले. डोकं आत गेलं, ते बराच वेळ बाहेर येईना.

"अडकलात का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

आत माधवराव स्वेटरच्या लोकरीला डोळे पुसत होते.